खुंट फुटला होता

गेल्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या हातात पडलेल्या कामाच्या चिठ्ठीवर एवढंच होतं : लायलॅक, फुलांना वास नाही, खत घालणे.

मी दापोलीची उद्यानविद्येची पदवीधर. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला एका बागकाम कंपनीत आहे. लायलॅक हे सुवासिक फुलांचं झुडूप आणि हे शहर लायलॅकवेडं. इथल्या हायलँड पार्कात जॉन डनबार यांनी १८९२ मध्ये २० जातींपासून सुरू केलेला संग्रह आता ५०० जातींच्या वर गेलाय. इथे लायलॅकला वास नाही म्हणणं म्हणजे रत्नागिरीत हापूसला गोडी नाही म्हणण्यासारखं.

चिठ्ठीवरची बाग ज्यांची, त्या बाई सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. झुडूप त्यांच्या नवऱ्याने लावलेलं, ते जाऊन नऊ वर्षं झाली होती. जात ‘मादाम लमवान’. फ्रान्समधल्या नान्सीच्या व्हिक्टर लमवान यांनी १८९० मध्ये दिलेली, पांढरी, दुहेरी पाकळ्यांची. मधे बरीच वर्षं फूलच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी बाईंनी हट्टाने छाटणीची कात्री बंद करवली आणि जूनमध्ये पांढरे तुरे आले. बारीक, वेगळ्याच उग्र वासाचे. म्हातारं झालंय झाड, असं त्या धरून चालल्या.

जूनमध्ये? इथे साधा लायलॅक मे महिन्यात फुलतो. मी गुडघ्यावर बसले.

लायलॅकच्या फांदीच्या टोकाला बहुतेकदा फुटव्याचे दोन डोळे असतात, शेजारी शेजारी, टपोरे. पान पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं. इथे सगळीकडे काडीसारख्या बारीक फांद्या आणि निमुळती, लांबट पानं. काही तर मागच्या वर्षीची, हिवाळाभर टिकलेली. हे प्रिव्हेट होतं, कुंपणाला लावतात ते. बुंध्याजवळची माती खुरप्याने उकरली तर चार बोटं खाली जोड दिसला, म्हणजे लायलॅकचं कलम प्रिव्हेटच्या खुंटावर, खालच्या मुळांच्या भागावर, बांधलं होतं ती जागा, आणि सगळे फुटवे जोडाच्या खालून आलेले. अकरा मोजले. जोडाच्या वर लायलॅकची एकच फांदी जिवंत होती, अंगठ्याएवढी, जमिनीलगत वाकलेली.

आंब्याचा खुंट फुटला आणि कोणी लक्ष दिलं नाही की हापूसच्या जागी रायवळ उभा राहतो, हे कोकणातल्या पोरालाही ठाऊक असतं. कोयकलमाचा जोड मातीखाली जाऊ द्यायचा नाही, हे आम्ही घोकलेलं. प्रिव्हेटवरच्या लायलॅकचं नेमकं उलट. हा खुंट त्याला फार वर्षं साथ देत नाही, म्हणून जोड खोल पुरायचा, म्हणजे लायलॅक स्वतःची मुळं सोडतो. इथे तो उथळच राहिला होता.

उरलेलं आमच्या कंपनीने केलं. दर सप्टेंबरला सगळ्या बागांतून यंत्राची कात्री फिरते आणि जे झुडूप दिसेल त्याचा चेंडू होतो. लायलॅक फुलं ओसरली की उन्हाळ्यातच पुढच्या वर्षीच्या कळ्या धरतो. छाटायचा तो फुलं गळल्या गळल्या; जुना झाला तर दरवर्षी तिसरा हिस्सा जुन्या फांद्या बुडातून काढायच्या. सप्टेंबरची कात्री म्हणजे कळ्यांची कत्तल. प्रिव्हेटला मात्र ती मानवते, तो आणखी घट्ट होतो. हे मी वरिष्ठांना तीनदा लेखी दिलंय. मजुरांचं वेळापत्रक झाडापेक्षा मोठं ठरतं. मला याचा संताप आहे.

मी बाईंना सरळ सांगितलं, “हा लायलॅक नाही. तुम्ही इतकी वर्षं खुंट वाढवलात.”

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “जूनमध्ये मी ती फुलं त्याच्या फोटोपुढे ठेवली होती.”

हे मला वेगळ्या तऱ्हेने सांगता आलं असतं. तपासणी बरोबर आली या भरात मी बोलून गेले होते. मग जरा थांबून म्हटलं, “तुमच्या लायलॅकची ती एक फांदी याच मुळांवर जगलीय, नाहीतर तीही उरली नसती.” हे खरं होतं आणि मला ते आधी सुचायला हवं होतं.

अकराही फुटवे मी मातीखाली हात घालून बुडापासून ओढून काढले. वरून कापले की दुपटीने येतात. वाकलेल्या फांदीचं दाब कलम केलं, म्हणजे तिला स्वतःची मुळं फुटावीत म्हणून ती मातीत दाबली : खालच्या बाजूला तिरपी खाच, तारेचा आकडा, वर कंपोस्ट आणि एक दगड. खत घातलं नाही. चिठ्ठीवर तसं लिहिलं, त्यावरून ऑफिसात बोलणी खाल्ली.

या मे महिन्यात त्या फांदीच्या टोकाला एकच तुरा आला, दुहेरी पाकळ्यांचा. बाईंनी तो तोडला नाही. मला पायरीवरची कुंडी दाखवली. ओढून काढलेल्यातली एक काडी त्यांनी त्या दिवशी पाण्यात ठेवली होती. प्रिव्हेटच तो, मुळं फुटली होती. कुठे लावू, विचारत होत्या.

मी मागच्या कुंपणाची जागा दाखवली, लायलॅकपासून लांब. खड्डा मीच खणला.

दाब कलमावरचा दगड अजून उचललेला नाही.