साताऱ्यात थांबा: किल्ला, माहुली, गेंडामाळ आणि मेणवलीची घंटा

कासला किंवा ठोसेघरला निघालेले लोक सातारा शहर वाटेवरच सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. मराठ्यांची राजधानी होती ही! म्हणून सांगलीहून निघतानाच आम्ही ठरवलं होतं, या खेपेला कास नाही.

सुरुवात अजिंक्यताऱ्यापासून करा, आणि ती भल्या सकाळी. गाडी दरवाजाच्या बरीच जवळ जाते, पण चालत गेलात तर सातारकर मंडळी सोबतीला असतात. रोज किल्ला चढणारे पुष्कळ आहेत. पाणी खालूनच घ्या. दरवाजातून आत गेल्यावर वाडे आणि तळ्यांमध्ये वेळ घालवण्याआधी थेट मंगळाई बुरूज गाठा. औरंगजेबाने डिसेंबर १६९९ मध्ये किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा किल्लेदार होते प्रयागजी प्रभू. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी या बाजूला सुरुंग लावले. पहिला उडाला तेव्हा तटावरचे मराठे गाडले गेले. दुसऱ्याची भिंत मात्र बाहेरच्या अंगाला कोसळली आणि हल्ल्यासाठी दबा धरून बसलेलं मोगली सैन्यच तिच्याखाली आलं. ढिगाऱ्यात गाडले गेलेले प्रयागजी जिवंत निघाले, अशी नोंद आहे. त्याआधीच, मार्चमध्ये, सिंहगडावर राजाराम महाराज गेले होते. शेवटी किल्ला द्यावा लागला आणि त्याचं नाव आझमतारा पडलं. पण आठच वर्षांत, १२ जानेवारी १७०८ रोजी, शाहू महाराजांचा राज्याभिषेक याच साताऱ्यात झाला. बुरुजावर उभं राहून खाली शहराकडे बघा, ही आठ वर्षं किती मोठी होती ते कळतं.

उतरताना चार भिंतींपाशी थांबा. तिथलं स्मारक १८५७ च्या उठावातल्या हुतात्म्यांचं आहे. तिथून गेंडामाळावर जाच. १८३९ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि चौदा वर्षं तिथे झगडले. ते तिकडे असतानाच, १८४८ मध्ये, वारस नामंजूर करून इंग्रजांनी राज्य खालसा केलं. परतल्यावर रंगो बापूजींनी उठावाची जुळवाजुळव केली, ती फुटली. ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांना मारलं. कुणाला फाशी, कुणाला गोळ्या, कुणाला तोफेच्या तोंडी दिलं. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी स्वतः इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. आता भोवती शहर वाढलंय, त्यामुळे ठिकाण विचारत विचारत जावं लागतं. मुलांना घेऊन गेलात तर सीतारामाची गोष्ट तिथे उभं राहूनच सांगा.

जेवण राजवाडा परिसरात उरकून (कंदी पेढे तिथेच घ्या) आम्ही संगम माहुलीला गेलो. कृष्णा-वेण्णेचा संगम, काळ्या दगडाचं विश्वेश्वराचं देऊळ. ते श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधवलं. शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी गेले, राणी सकवारबाई सती गेल्या आणि राजधानीची सूत्रं पुण्याकडे सरकली. महाराजांची समाधी इथे नदीकाठी आहे. पावसाळ्यात पाणी चढतं, तेव्हा दिवाळीनंतर या.

दुसऱ्या दिवसासाठी मेणवली राखून ठेवा. साताऱ्याहून वाईला एसटी सारख्या असतात, पुढे तीनेक किलोमीटर रिक्षाने. लोक नाना फडणवीसांचा वाडा बघून परततात. तुम्ही मागच्या घाटावर उतरा. मेणेश्वराच्या देवळाजवळ एका छोट्या दगडी मंडपात पंचधातूची प्रचंड घंटा टांगलेली आहे. ती मुळात चर्चची. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी फौजेने आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत बसवल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच. मेणवलीच्या घंटेवर मेरी आणि तिच्या कडेवर बाळ येशू आहे, आणि साल आहे १७०७. म्हणजे औरंगजेब मेला आणि शाहू मोगलांच्या कैदेतून सुटले, तेच वर्ष! मूर्ती लहान आहे आणि मंडपात अंधार असतो. मोबाईलचा उजेड समोरून टाकलात तर काहीच नीट दिसत नाही. बाजूने तिरपा धरा, मग आईच्या झग्याच्या चुण्या आणि बाळाचं डोकं स्पष्ट उठून येतं. जिंकून आणलेल्या घंटेवरची ती मूर्ती कुणी घासून काढली नाही, तशीच ठेवली, हे मला फार मोठं वाटतं.

घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, वयस्कर माणसांचा हात धरा. वाडा आतून बघायचा असेल तर वाईतच चौकशी करून निघा. आणि एकच दिवस हाती असेल तर वाईचा ढोल्या गणपती पुढच्या वेळेला ठेवा, राजवाड्यावरची खरेदी ठेवा, पण गेंडामाळ आणि मेणवलीची घंटा सोडू नका.