आयोडीन म्हणजे कोणतं आयोडीन? न्यूक्लाइड या शब्दाबद्दल थोडं

आमच्या गल्लीतल्या चार-पाच घरांनी आयोडीनचं मीठ आणणं बंद केलंय, खडे मीठ आणतात आता, आणि याची सुरुवात आमच्याच घरातून झाली म्हणून हे लिहायला बसलो. झालं असं की मोठ्या काकूचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं, गाठ कॅन्सरची निघाली, मग नागपूरच्या डॉक्टरांनी रेडिओॲक्टिव्ह आयोडीन द्यायचं ठरवलं आणि त्याच्या आधी दोन आठवडे आयोडीनचं मीठ एकदम बंद ठेवा म्हणून बजावलं. आता एकाच कागदावर वर ‘रेडिओॲक्टिव्ह आयोडीन’ आणि खाली ‘आयोडीनयुक्त मीठ बंद’ लिहिलेलं असेल तर घरच्या माणसानं काय समजायचं? काकू मला म्हणाली, "काहून रे बाबू, मंग एवढे दिस आमी जहरच खाल्लं का?" आणि कापूस वेचाईले येणाऱ्या बायांमधून ही गोष्ट दोन दिवसात गावभर झाली.

मी फिजिक्स शिकवतो, तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजात. बारावीच्या पोरांना आयसोटोपची (एकाच मूलद्रव्याचे, पण न्यूट्रॉन कमीजास्त असलेले अणू) व्याख्या तोंडपाठ असते, पण न्यूक्लाइड हा शब्द आला की तो पुस्तकातल्या एका ओळीत उरकून पुढं जातात. माझ्या मते उलटं व्हायला पाहिजे, कारण रोजच्या जगण्यात जिथं जिथं रेडिओॲक्टिव्हिटीचा विषय निघतो तिथं खरं काम याच शब्दाचं असतं.

न्यूक्लाइड म्हणजे ज्याच्या केंद्रकात प्रोटॉन किती आणि न्यूट्रॉन किती हे दोन्ही ठरलेलं आहे असा अणू. नुसतं ‘आयोडीन’ म्हटलं की फक्त प्रोटॉन कळले, ५३. न्यूट्रॉनचा पत्ता नाही. आयोडीन-१२७ म्हटलं की ५३ प्रोटॉन अधिक ७४ न्यूट्रॉन, झालं एक न्यूक्लाइड. आयोडीन-१३१ म्हटलं की ५३ आणि ७८, हे दुसरं न्यूक्लाइड. फरक फक्त चार न्यूट्रॉनचा, पण पहिलं एकदम स्थिर, कितीही वर्षं ठेवा तसंच्या तसं, आणि दुसरं रेडिओॲक्टिव्ह, आपोआप फुटत दर ८ दिवसांनी अर्धं होत जातं, बीटा कण (म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन) आणि गॅमा किरण सोडत त्याचं झेनॉन-१३१ होतं. निसर्गात मिळणारं आयोडीन हे १२७च असतं, मिठात पोटॅशियम आयोडेट टाकतात त्यातलंही तेच. १३१ अणुभट्टीत मुद्दाम तयार करावं लागतं, आपल्याकडे ट्रॉम्बेला होतं ते. आणि ते टिकतही नाही, ८० दिवसांत हजारातला एक भागसुद्धा उरत नाही, मग मिठाच्या पुड्यात ते येणार कुठून? काकूला मी एवढंच सांगितलं की आडनाव एक आहे पण माणसं दोन आहेत.

मग हे दोघं आयसोटोप नाहीत का? आहेत ना, एकमेकांचे आयसोटोप आहेत. आणि ‘एकमेकांचे’ हा शब्दच इथं महत्त्वाचा आहे. आयसोटोप हे नातं आहे, ते सांगताना कुणाचा कोण हे सांगावं लागतं. हा शब्द १९१३ साली ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सॉडी यांनी वापरात आणला, सुचवला होता मार्गारेट टॉड नावाच्या डॉक्टर बाईंनी, अर्थ एकच जागा, म्हणजे आवर्तसारणीत एकाच घरात बसणारे अणू. पण पुढं लोक कोणत्याही अणूला आयसोटोप म्हणायला लागले. पोटॅशियम-४०, कोबाल्ट-६० आणि युरेनियम-२३८ हे ‘तीन आयसोटोप’ म्हणणं तसं बरोबर नाही कारण तिघांची घरं वेगळी, पण ‘तीन न्यूक्लाइड’ बिनधास्त म्हणता येतं. ही अडचण ओळखून अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ट्रुमन कोहमन यांनी १९४७ मध्ये न्यूक्लाइड हा शब्द सुचवला. दवाखान्यात आजही सर्रास आयसोटोप म्हणतात, त्यानं काही बिघडत नाही, आकडा सोबत असला म्हणजे झालं. अशी स्थिर न्यूक्लाइड अडीचशेच्या आसपास आहेत, आणि अस्थिर धरून माणसाला माहीत झालेली तीन हजारांच्या वर.

आता डॉक्टरांनी मीठ बंद का करायला सांगितलं? इथं आयसोटोपवाली बाजू कामाला येते. रसायन म्हणून १२७ आणि १३१ सारखेच, थायरॉइडच्या पेशीला दोघांतला फरक कळत नाही, मिळेल ते आयोडीन ती ओढून घेते. आधीच १२७ पोटभर मिळालेलं असेल तर १३१ कमी घेईल आणि औषध वाया जाईल. म्हणून आधी उपाशी ठेवायचं, मग १३१ द्यायचं, ते ऑपरेशननंतर उरलेल्या थायरॉइडच्या पेशींत जाऊन बसतं आणि त्याचा बीटा कण जास्तीत जास्त एक-दोन मिलिमीटर जात असल्यामुळं नुकसान मुख्यतः तिथल्या तिथंच होतं. मीठ वाईट म्हणून नाही, मीठ आड येतं म्हणून बंद. याच्या उलट १९८६ ला चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाला तेव्हा पोलंडमध्ये मुलांना साधं आयोडीन पाजलं, की थायरॉइड आधीच भरून जावं आणि हवेतून आलेल्या १३१ ला जागाच राहू नये. तत्त्व एकच.

काकूच्या फाइलमध्ये ऑपरेशनच्या आधीच्या स्कॅनचा एक कागद होता, त्यावर टेक्नेशियम-९९एम लिहिलेलं, स्कॅनसाठी देतात ते रेडिओॲक्टिव्ह न्यूक्लाइड. हा शेवटचा ‘एम’ बघा. केंद्रकात प्रोटॉन-न्यूट्रॉन तेवढेच पण ऊर्जा जास्तीची साठलेली, ती गॅमा किरण सोडून खाली येते, अर्धायुष्य (म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ) ६ तास. एम नसलेल्या टेक्नेशियम-९९चं अर्धायुष्य २ लाख वर्षांच्या वर. एका अक्षराचा एवढा फरक, म्हणून नीट बोलायचं तर केंद्रकाची ऊर्जास्थितीसुद्धा न्यूक्लाइडच्या ओळखीत धरतात.

हे सांगत होतो तेव्हा शेजारच्या भाऊंनी विचारलं, मंग आपल्या घरात रेडिओॲक्टिव्ह काहीच नाही ना? आहे ना, आणि तेही खरं सांगायलाच पाहिजे. कोठ्यात पोटॅश खताची थैली पडलेली होती. निसर्गातल्या पोटॅशियममध्ये ३९, ४० आणि ४१ अशी तीन न्यूक्लाइड असतात, त्यातलं ४० रेडिओॲक्टिव्ह, दहा हजार अणूंत साधारण एकच, अर्धायुष्य सव्वाशे कोटी वर्षं. दर ग्रॅम पोटॅशियममागं सेकंदाला तीसेक अणू फुटतात. हेच पोटॅशियम केळीत, तुरीच्या डाळीत, आपल्या अंगातही आहे, मोठ्या माणसाच्या शरीरात सेकंदाला चार हजारांच्या वर अणू असे फुटत असतात आणि ते आदिमानवापासून चालू आहे. त्याला घाबरायचं कारण नाही. पण बघा, मिठातल्या आयोडीनला भिऊन खडे मीठ आणणाऱ्या घरात रेडिओॲक्टिव्ह न्यूक्लाइड आहेच, पण ते मिठातलं आयोडीन नव्हे.

काकूची ट्रीटमेंट झाली, ॲडमिट ठेवलं होतं, घरी आल्यावर काही दिवस लहान पोरं आणि गर्भार बाया जवळ येऊ द्यायच्या नाहीत असं सांगितलं होतं ते पाळलं, कारण तेव्हा अंगात १३१ होतं. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आयोडीनचं मीठ पुन्हा सुरू केलं. बाजूच्या घरांत मात्र अजून खडे मीठच चालू आहे, आणि त्यातल्या एका घरात सून पाच महिन्यांची गर्भार आहे, तिची मला खरंच काळजी वाटते. गरोदरपणात आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, गलगंड होतो तो वेगळाच. म्हणून काल काकूलाच घेऊन त्यांच्या घरी गेलो, माझ्यापेक्षा तिचं ऐकतील म्हणून. काकूनं सासूबाईंना सांगितलं, "माह्या औषधातलं आयोडीन १३१ व्हतं, तुमच्या मिठातलं १२७ हाय, ते पोरीले चालू करा." सासूबाई म्हणाल्या आशा ताईला विचारून पाहतो. विचारा म्हटलं, उद्याच विचारा.