मोरे काकांना दरवेळी बाजूला का घेतात

मोरे काकांची फाईल माझ्या टेबलावरून गेली तरी डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढतेय. नाव बदललंय, पण खरं नावही इतकंच सर्रास आढळणारं आहे असं समजा, कारण सगळा घोळ बहुतेक तिथेच आहे.

बडोद्यात रावपुऱ्यात आमचं तिकिटांचं आणि व्हिसाच्या कागदांचं ऑफिस आहे. लोकांना वाटतं एजंट म्हणजे स्वस्त तिकीट शोधून देणारा. अहो ते काम आता तुमचा नातू मोबाईलवर करतो. आमचा अर्धा दिवस जातो नावांमध्ये. गुजरातेत भाई आणि बेन नावाला चिकटून येतात, आणि आपल्या बडोदेकर मराठी घरांत राव. आधारवर सुरेशराव, पासपोर्टवर सुरेश बाबुराव, बँकेत एस. बी., आणि मुलीच्या लग्नपत्रिकेत श्रीमंत सुरेशराव. घरात ह्याचं कुणाला काही वाटत नाही, पण तिकीट काढताना आमच्या सिस्टिममध्ये आधी आडनाव, मग तिरकी रेघ, मग नाव आणि वडिलांचं नाव, आणि बोर्डिंग पासवर ते सगळं जागा न सोडता एका दमात छापून येतं, शेवटी मिस्टर सुद्धा त्यालाच चिकटलेला. शिवाय पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, लिंग, एक्स्पायरी ही वेगळी ओळ टाकावी लागते, आम्ही तिला डॉक्स म्हणतो. अमेरिकेला जायचं असेल तर नाव, जन्मतारीख, लिंग ही माहिती उड्डाणाच्या ७२ तास आधीपासून विमान कंपनी तिकडे पाठवायला लागते आणि त्यांच्या याद्यांशी ती पडताळली जाते. म्हणजे काका अजून बॅग भरतायत तेवढ्यात त्यांचं नाव तिकडे तपासून झालेलं असतं. २०२२ च्या नोव्हेंबरात दुबईकडच्यांनी पासपोर्टवर एकच नाव असलेल्या लोकांना व्हिजिट व्हिसावर घ्यायचं बंद केलं तेव्हा आमच्याकडे आडनाव नसलेल्या लोकांची जी धावपळ झाली ती मी अजून विसरले नाहीये.

तर काका. खताच्या कारखान्यातून रिटायर झालेले, मुलगी ओहायोत, दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा, मुंबईला इंटरव्ह्यू झाला तेव्हा दोन प्रश्नांत पास. पहिल्या खेपेला मोठ्या विमानतळावर उतरले, काउंटरवर बोटांचे ठसे दिले, फोटो झाला, ऑफिसरने स्क्रीनकडे बघितलं, चेहरा जराही न बदलता पासपोर्ट एका फोल्डरमध्ये घातला आणि बाजूच्या दाराकडे बोट दाखवलं. आत खुर्च्या, फोन बंद ठेवायचा, नाव पुकारलं की उठायचं. कुठे राहता, काय काम करत होता, कुणाकडे चाललाय, आधी कधी दुसऱ्या नावाने ओळखले जात होतात का, कुठल्या देशांत गेला होतात. काकांनी आयुष्यात परदेश म्हणजे फक्त नेपाळ बघितलेला, तोही पशुपतिनाथासाठी. काकू बाहेर व्हीलचेअरवर. (आपल्याकडच्या आयाबायांची व्हीलचेअर गुडघ्यासाठी नसते हो, इंग्रजीसाठी असते, ढकलणारा माणूस बरोबर दारापर्यंत नेऊन सोडतो. विमान कंपन्यांनाही हे माहीत आहे, उगाच नाकं मुरडतात.) काका सुटले तोवर पुढचं ओहायोचं विमान गेलेलं. रात्र खुर्चीवर, काकूंच्या पिशवीतल्या दशम्यांवर.

एकदा झालं तर कुणी लक्षात ठेवत नाही. पण पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्याही. आणि काकू, ज्या त्याच पत्त्यावर, त्याच मुलीकडे, त्याच तिकिटावर जातात, त्यांना कधीच नाही.

खोलीत बसायला लागण्यापेक्षा काकांना जास्त लागलं ते इकडे. वाडीतले शेजारी चेष्टेत विचारतात, 'काका, अमेरिकामां शुं करी आव्या?' ते हसून सोडायचे. पण मुलीच्या सासरच्यांनी तिला हळूच विचारलं, बाबांचं काही जुनं प्रकरण वगैरे आहे का. हे सांगताना काका माझ्याकडे बघत नव्हते, टेबलावरच्या स्टेपलरकडे बघत होते.

मी आधी माझ्या पद्धतीने रस्ता काढला. अबू धाबीला २०१४ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन तिथल्या तिथे, विमानात बसायच्या आधीच होतं, डब्लिन आणि शॅननलाही होतं. फायदा असा की अमेरिकेत उतरल्यावर तुम्ही देशातल्या प्रवाशासारखे थेट बाहेर, पुढचं कनेक्शन चुकत नाही. तोटा मात्र गिऱ्हाईकाला आधी सांगावाच लागतो, थांबवलं तर अमेरिकेचं मुख्य विमानच चुकू शकतं. अहमदाबादला एक्सप्रेसवेने टॅक्सी आणि तिथून अशाच एका विमानतळावरून त्यांना पाठवलं. थांबवलंच. बाकी सगळे विमानात बसले, काकू गेटवर व्हीलचेअर आडवी लावून बसल्या की हे आल्याशिवाय मी हलणार नाही. गेटवरची मुलगी इंग्रजीत समजावतेय, ह्या मराठीत भांडतायत. काका धापा टाकत पोचले आणि दार लागलं.

मधल्या काळात गावातल्याच एका एजंटाने त्यांना गाठलं, वीस हजारांत नाव 'एम्बसीतून क्लिअर' करून देतो म्हणाला. काका बँकेत पैसे काढायला निघालेच होते. आमच्या धंद्यातल्या ह्या जातीबद्दल मी फार बोलत नाही, बोलायला लागले की ब्लड प्रेशर वाढतं. हे काम फुकट असतं. अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याची प्रवाशांच्या तक्रारींसाठी २००७ पासून सोय आहे, सगळे तिला ट्रिप म्हणतात. ऑनलाइन अर्ज, काय त्रास होतो त्या चौकोनात खूण, पासपोर्टची प्रत, आणि थोडक्यात हकीकत. एक पैसा लागत नाही.

अर्ज भरायचा दिवस मात्र मी विसरणार नाही. काका अकराला येतो म्हणाले होते, ऑफिसचं शटर उघडायच्या आधीच पायरीवर बसलेले. हातात प्लास्टिकची मोठी पिशवी. त्यातून एकेक कागद टेबलावर मांडायला लागले. पोलिसांचा दाखला. कारखान्याचं रिटायरमेंटचं प्रमाणपत्र. रक्तदानाची सर्टिफिकेटं, लॅमिनेट केलेली. सोसायटीच्या सेक्रेटरीचं लेटरहेडवरचं पत्र की हे सद्गृहस्थ असून मेंटेनन्स वेळेवर भरतात. आणि सगळ्यात खाली, घडीवर चिकटपट्टी लावलेला, शाळा सोडल्याचा दाखला, ज्यात वर्तणूक चांगली असं लिहिलेलं. म्हणाले, 'सगळं पाठव. मग तरी कळेल त्यांना.'

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. काका, इथे फक्त पासपोर्टचं पान लागतं. माणूस चांगला आहे का हा रकानाच नाहीये. त्यांना ते पटेना, दोनदा विचारलं, खाली असेल बघ. मी खाली खाली जाऊन दाखवलं. मग सगळे कागद ज्या क्रमाने काढले त्याच्या उलट क्रमाने परत पिशवीत.

शाळेचा दाखला मात्र मी मागून घेतला, कारण जन्मतारीख बघितली. १ जून. काका हसले, म्हणाले ती काय खरी आहे होय. आई सांगायची पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जन्मलास. गाव धुळ्याकडचं, मास्तरांनी शाळेत नाव घातलं तेव्हा आईला तारीख सांगता येईना, शाळा जूनमध्ये उघडते, लिहून टाकली १ जून. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जूनलाच.

हे मला काही नवीन नाही, साठीच्या पुढच्या कुणाही गिऱ्हाईकाचा पासपोर्ट उघडा, १ जूनची रांग लागते. पण त्या दिवशी काका गेल्यावर मी आमच्याच कॉम्प्युटरवर शोधलं. आमच्या छोट्याशा ऑफिसच्या गिऱ्हाइकांत तेच आडनाव, नावाचं पहिलं अक्षर तेच, आणि तारीख १ जून असे दुसरे एक गृहस्थ निघाले, सालात तेवढा दोनाचा फरक. दोघांनी एकमेकांना कधी बघितलेलंही नाही. आता हे रावपुऱ्यातल्या एका ऑफिसात, तर सगळ्या महाराष्ट्र-गुजरातेत किती असतील, आणि त्यातल्या एखाद्याने कुठे काही भानगड केली असली, व्हिसा संपून राहिला असला, तर? मशीनला नाव आणि तारीख दिसते, पोळा दिसत नाही. हा अंदाज माझा. खरं कारण कुणी सांगणार नाही, ते सांगतच नाहीत, तीच त्यांची पद्धत आहे.

काही महिन्यांनी पत्र आलं. सात आकडी नंबर दिलेला, आणि मजकूर असा की तुमचं नाव कुठल्या यादीत आहे असंही सांगता येत नाही आणि नाही असंही सांगता येत नाही. मी मराठीत वाचून दाखवलं. काका बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, 'म्हणजे मी आहे का नाही?' त्यांना हवं होतं एक वाक्य, हा माणूस स्वच्छ आहे, जे ते लॅमिनेट करून व्याह्यांना दाखवू शकले असते.

पुढचं तिकीट काढताना तो नंबर मी टाकला. त्याची वेगळी ओळ असते, डॉको, आणि बऱ्याच बुकिंग वेबसाइटवर तो रकाना सापडतच नाही किंवा कुठेतरी खोल दडलेला असतो, म्हणून ज्यांच्याकडे हा नंबर आहे त्यांनी प्रत्येक नव्या तिकिटात तो गेलाय का हे बघून घ्या, तारीख बदलून तिकीट नवीन निघालं तर परत बघा. हा नंबर विमानात बसण्याआधीच्या तपासणीसाठी, बोर्डिंग पासवर चार एस छापून येतात आणि जास्तीची झडती होते ती भानगड. इमिग्रेशनवाल्यांची नोंद वेगळी, ती त्यांच्याच बाजूला दुरुस्त व्हावी लागते, तिकिटाने होत नाही.

त्या खेपेला काकांना थांबवलं नाही. ठसे, फोटो, शिक्का, चला. मला वाटलं फोन येईल तो आनंदाने. फोन आला, आवाज चिडलेला. पत्र शर्टाच्या खिशात तयार ठेवलं होतं, सगळी उत्तरं पाठ केली होती, मुलीकडून इंग्रजीत लिहून घेतली होती, आणि त्या ऑफिसरने काही विचारलंच नाही. 'इतकी वर्षं का बसवलं ते तरी सांगायचं ना,' म्हणाले. मी काय सांगणार.

आता नवीनच चाललंय. पासपोर्ट संपत आलाय, नवा आला की पासपोर्टचा नंबर बदलणार. काकांचं म्हणणं, ह्याच वेळी जन्मतारीख खरी करून टाकू, पोळ्याची तारीख पंचांगात बघून. मी हात जोडले. काका, पासपोर्ट ऑफिस पुरावा मागेल, आणि समजा झालंच, तर पेन्शन, पॅन, आधार, व्हिसा सगळीकडे जुनी तारीख. आत्ता कुठे ज्या तारखेने सुटलायत ती बदलून परत नव्या माणसासारखे रांगेत उभे राहायचंय का? नवा पासपोर्ट आला की त्याची प्रत ट्रिपवाल्यांना पाठवायची आणि कनेक्शनला निदान चार तास ठेवायचे, १ जूनच्या प्रत्येक ज्येष्ठ नागरिकाला मी आता हेच ठेवते, तिकीट महाग पडलं तरी.

काका मान डोलावून गेले, पण पटलेलं दिसत नाही. आणि काकूंनी संध्याकाळी फोन करून वेगळंच विचारलं, की माझं तिकीट ह्यांच्यापासून तोडून वेगळं काढता येईल का, म्हणजे मी निदान वेळेवर पोचेन. येतं की, पण मी त्यांना नाही म्हणून सांगितलंय.