अण्णांचं हेल्मेट, ३२०० रुपये आणि ५७.५ सेंटिमीटर

गेल्या महिन्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, साताऱ्याहून पुण्याला आले ते बाईकवरून आले. वय ६३, एकशे दहा किलोमीटरच्या आसपास रस्ता, खंबाटकीचा बोगदा, खेड शिवापूरचा टोलनाका, नवले पुलाचा तो उतार, सगळं पार करून दारात उभे, आणि डोक्यावर काय तर हायवेच्या कडेला दोरीला टांगून विकतात ना ते अर्धं हेल्मेट, कानाच्या वरच संपणारं. पट्टा नुसता लोंबत होता. मी पाण्याचा तांब्या हातात दिला आणि पहिलं काम म्हणजे ते हेल्मेट उचलून आत नेलं.

आत नेऊन उलटं केलं, अस्तर ओढलं तर ते हातातच आलं, त्याच्याखाली थर्माकोल असायला हवा तिथे बोटभर जाडीचासुद्धा नाही, पातळ फोमचा तुकडा डिंकाने चिकटवलेला. दोन्ही बाजूंनी तळहाताने दाबलं तर कवच आत जात होतं, प्लास्टिकच्या टोपलीसारखं. मागे आयएसआयचा स्टिकर होता, तो नखाने खरवडला तर निघून आला. खाली नंबर वगैरे काहीच नाही. कितीला घेतलं विचारलं तर म्हणाले, "साडेतीनशे. पोलीस धरत नाही याला."

मला राग नाही आला, भीती वाटली. ज्या माणसाने तीस वर्षं एसटी चालवली, एकही मोठा अपघात न करता रिटायर झाला, त्याच्या डोक्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये साडेतीनशेचा स्टिकर. आमच्या मावसभावाचं मी विसरलेले नाही. तीन वर्षांपूर्वी तो पडला तेव्हा हेल्मेट चांगलं होतं, पण पट्टा लावलेला नव्हता, ते पहिल्याच झटक्यात उडून डिव्हायडरपाशी गेलं आणि तो वेगळीकडे पडला. आज तो ठीक आहे, चालतो बोलतो, पण दोन महिने त्याला घरातल्यांची नावं आठवत नव्हती.

तर ठरवलं, अण्णांना हेल्मेट घेऊनच परत पाठवायचं. संध्याकाळी चहाला बसलो आणि तिथेच खरी चर्चा झाली कारण अण्णांचा मुद्दा अगदी साधा होता, "अगं हजारालापण मिळतं आणि पन्नास हजारालापण मिळतं म्हणतात, मग नक्की कशाचे पैसे घेतात ते सांग, मग देतो." प्रश्न बरोबरच आहे. मी रोज चिंचवडहून चाकणला गाडीवर जाते येते, त्यामुळे गेल्या आठ वर्षांत चार हेल्मेट वापरून झालीत माझी, तेव्हा जेवढं मला कळलंय तेवढं सांगितलं, तेच इथे लिहिते.

हेल्मेटमध्ये डोकं वाचवतो तो आतला थर्माकोल. वरचं कवच मार पसरवतं आणि टोकदार काही आत घुसू देत नाही, पण धक्का खातो तो थर्माकोल, म्हणजे तो चेपतो आणि चेपता चेपता डोक्याला थांबायला क्षणभर जास्त वेळ मिळतो, तेवढ्यावर सगळं आहे. माणूस नुसता उभ्या जागेवरून पडला आणि डोकं दीड मीटरवरून खाली आलं तरी जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी १९-२० किलोमीटर असतो, गाडी चालू असायचीसुद्धा गरज नाही. आणि एकदा चेपलेला थर्माकोल परत फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही नवं दिसलं तरी बाद करायचं, आणि नाही आपटलं तरी रोजच्या वापरातलं साधारण पाच वर्षांनी बदलायचं, कारण घाम, ऊन आणि डोक्याचं तेल आतला माल खराब करतात.

मग पैसे कशाचे? साधारण हजार-बाराशेपासून आयएसआयचं पूर्ण तोंड झाकणारं, म्हणजे फुल फेस हेल्मेट मिळतं. स्टड्स, स्टीलबर्ड, वेगा ही आपली जुनी नावं. वेगा तर बेळगावची आहे, अण्णांना ते ऐकून बरं वाटलं. यांचं कवच मशीनमध्ये ओतलेल्या प्लास्टिकचं असतं आणि त्यात वाईट काही नाही. त्याच्या वर अडीच ते पाच हजारात एसएमके, अ‍ॅक्सर, एमटी, एलएस२ असली हेल्मेट येतात. यातलं एसएमके हे स्टड्सचंच आणि अ‍ॅक्सर वेगाचंच. इथे बऱ्याच मॉडेलवर आयएसआयबरोबर युरोपचा ईसीई शिक्काही असतो, काच चांगली असते, हवा खेळती असते, आतलं अस्तर काढून धुता येतं. दहा-पंधरा हजाराच्या पुढे एचजेसी, एजीव्ही, आणि त्याच्याही वर जपानच्या शोई आणि अराई. तिथे फायबर किंवा कार्बनचं हलकं कवच, वेगात वाऱ्याचा आवाज कमी, मान कमी दुखते, फिनिशिंग देखणं.

म्हणजे एका किमतीच्या वर गेलं की तुम्ही बहुतेक सोयीचे पैसे देता. ब्रिटनमध्ये २००७ पासून शार्प नावाची सरकारी योजना आहे, ते लोक हेल्मेट आपटून आपटून त्यांना एक ते पाच स्टार देतात, आणि तिथे स्वस्तातल्या हेल्मेटना पाच स्टार मिळालेत आणि महागड्यांना कमी मिळालेत असं कितीतरी वेळा झालंय. पण यावरून "मग सगळ्यात स्वस्तच घेऊ" असं मी अजिबात म्हणणार नाही, कारण सोय हीच सुरक्षितता होते. जे हेल्मेट कपाळाला टोचतं, ज्यात गुदमरतं, ज्याची काच पावसात धुक्याने भरते, ते माणूस चौकाचौकात वर करतो, पट्टा सोडतो आणि चार दिवसांनी आरशाला अडकवून ठेवतो. (आरशाला अडकवू नका खरंच, आरशाच्या दांड्याने आतल्या थर्माकोलला खळगा पडतो, आणि नेमकं तिथेच आपटलं तर?)

शिक्क्यांबद्दल अण्णांनी खोदून खोदून विचारलं. १ जून २०२१ पासून आपल्याकडे आयएसआय नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं, विकणं, आयात करणं बेकायदा आहे, त्यामुळे परदेशी कंपनीचं असलं तरी आयएसआय लागतंच. खऱ्या खुणेत वर आयएस ४१५१ असतं आणि खाली सीएम/एल आणि पुढे लायसन्स नंबर. बीआयएस केअर नावाचं सरकारी अ‍ॅप आहे, त्यात तो नंबर टाकला की कुठल्या कंपनीचं लायसन्स आहे, चालू आहे की संपलंय ते दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे. दुकानात उभं राहून करायला लाजू नका. ईसीई असेल तर २२.०६ हा नवा नियम, त्यात वेगवेगळ्या वेगाने आपटतात आणि तिरकं आपटूनही बघतात, कारण खऱ्या अपघातात डोकं सरळ आपटत नाही, घासत फिरतं आणि आत मेंदू पिळवटतो.

अण्णांचे थोरले भाऊ फौजेत सिग्नल्सला, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या दलात होते, म्हणून मी त्यांना अजून एक गोष्ट सांगितली. टी. ई. लॉरेन्स, पहिल्या महायुद्धात अरबस्तानात लढलेला तो इंग्रज अधिकारी, मे १९३५ मध्ये सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना मोटरसायकलवरून पडला, डोक्याला मार, सहा दिवस बेशुद्ध आणि मग गेला. त्याला बघायला आलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. पुढे त्यांनी लष्करातल्या निरोप पोचवणाऱ्या मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला, १९४१ मध्ये तो छापला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात या स्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी नाना पेठेत. तिथे स्पेअर पार्टची दुकानं एकाला लागून एक आणि हेल्मेट भिंतभर, माणूस रंग बघूनच गोंधळतो. अण्णा गेल्या गेल्या म्हणाले, "लार्ज द्या." मी थांबवलं आणि पर्समधून शिवणाची टेप काढली. भुवयांच्या वर साधारण दोन बोटं, कानांच्या वरून, मागे डोकं जिथे सगळ्यात फुगीर तिथून फिरवली, ५७.५ भरलं. म्हणजे मीडियम. आयुष्यभर अण्णा लार्ज घालत आले कारण ते सहज डोक्यात जातं. सहज जातं ते सहज निघतंही, ही गोष्ट आपल्याकडे दुकानदारसुद्धा सांगत नाहीत, उलट "सैल बरं, हवा लागते" म्हणतात.

नवीन हेल्मेट घट्टच वाटलं पाहिजे. गाल आत दाबले गेले पाहिजेत, बोलताना गाल दाताला लागला तरी चालेल, महिन्याभरात गालाचे पॅड बसतात. मीडियम घालून अण्णांनी तोंड वाकडं केलं. मी पट्टा लावला आणि हेल्मेट धरून डावीकडे उजवीकडे हलवलं, तर कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलत होती, म्हणजे बरोबर. मग मागून कडेला धरून वर पुढे ढकललं, निघतंय का बघायला. लार्ज या ढकलण्यात पट्ट्यासकट भुवयांच्या खाली आलं होतं, डोळे झाकले होते. ते बघून अण्णांना पटलं, मला काही बोलावं लागलं नाही.

पहिलं मीडियम घालून दहा मिनिटं बसायला लावलं. काढलं तर कपाळाच्या मधोमध लाल वळ, आणि अण्णा म्हणाले ठणकतंय. मापात असूनही चुकीचं, कारण प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा, कुणाचा गोल, कुणाचा लांबट, आणि अण्णांचं डोकं पुढून मागे लांब आहे. म्हणून ऑनलाइन दोनशे वाचवायला घेऊ नका, निदान पहिलं तरी दुकानात घालून घ्या. चार कंपन्या झाल्या. पाचवं बसलं, गालावर दाब सगळीकडे सारखा, कपाळाला वळ नाही, चष्म्याच्या काड्या आरामात आत गेल्या. चष्मा घालून बघणं फार महत्त्वाचं आहे, चष्मेवाले दुकानात चष्मा काढून हेल्मेट घालतात आणि घरी आल्यावर कानशिलं दुखतात.

हनुवटीकडून वर उघडणारंही दाखवलं दुकानदाराने, चष्मेवाल्यांना सोयीचं असतं ते, पण वजनाला जड लागलं आणि अण्णांची मान आधीच दुखते, म्हणून नको म्हणलं. अर्ध्या हेल्मेटकडे मी बघूच दिलं नाही. पडल्यावर जबडा आणि दात तसेच उघडे, त्यावर कुठलाही शिक्का असून काय उपयोग.

पट्ट्याचं बक्कल दोन प्रकारचं मिळतं. एक दोन कड्यांतून पट्टा ओवायचा, पक्कं असतं पण अण्णांच्या बोटांना संधिवात आहे, जमेना. दुसरं टक टक टक करत आत सरकणारं, दातेरी. दर वेळी हवं तेवढं घट्ट होतं, एका बोटाने सुटतं. तेच घेतलं. जे बक्कल माणूस रोज लावणार नाही ते कितीही भारी असून काय कामाचं!

काच साधी पांढरीच. काळी काच दिवसा छान दिसते पण संध्याकाळी सातनंतर खड्डा दिसत नाही. पावसाळ्यासाठी आतून धुकं न धरणारी पिनलॉकची काच लागते का विचारलं, त्या मॉडेलला लागते म्हणाले, ती वेगळी आठशेला. ती मी माझ्याकडून घेतली कारण पावसात कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडताना काच एकदम पांढरी होणं काय असतं ते मला माहितीय, दोन-तीन सेकंद काहीही दिसत नाही आणि मागून ट्रक येत असतो.

आणि बायकांसाठी एक, कारण हे कुणी लिहीत नाही. आपण पुण्यात तोंडाला स्कार्फ बांधून वर हेल्मेट घालतो, मग दुकानातही स्कार्फ बांधूनच घालून बघतो आणि एक साइज मोठं घेतो. ज्या दिवशी स्कार्फ नाही त्या दिवशी ते डोक्यावर डुगडुगतं. मी आता पातळ सुती बॅलाक्लाव्हा, म्हणजे डोकं आणि तोंड झाकणारी टोपी घालते, दीड-दोनशेला मिळतो, घाम शोषतो आणि साइज बदलत नाही. क्लचर आणि वरचा अंबाडा तर नकोच, हेल्मेट डोक्यावर टेकतच नाही. वेणी खाली मानेवर.

हेल्मेट ३२०० ला पडलं, आयएसआय आणि ईसीई दोन्ही. अ‍ॅपमध्ये नंबर टाकला, कंपनीचं नाव आलं. अण्णांनी स्वतः टाकला नंबर, चष्मा पुसून. घासाघीस केली, दुकानदाराने शंभर कमी केले नाहीत पण पुसायला कापड दिलं. घरी आल्यावर सांगितलं, काच फक्त पाणी आणि साबणाने पुसायची, पेट्रोल किंवा थिनर लावायचं नाही, प्लास्टिक आतून कमजोर होतं आणि वरून काहीच दिसत नाही. गॅरेजवाले डाग काढायला हमखास पेट्रोलचा बोळा फिरवतात, तेव्हा हेल्मेट हातात धरून उभं राहायचं.

जुनं हेल्मेट मी करवतीने मधून कापलं आणि मग टाकलं, नाहीतर भंगारातून ते परत कुणाच्या तरी डोक्यावर गेलं असतं.

काल रात्री साताऱ्याहून फोन आला. पोवई नाक्यापर्यंत जायचं असलं तरी घालतो म्हणाले, पहिले चार दिवस गाल दुखले, आता नाही. मग जरा थांबून म्हणाले, "तुझ्या आईचं पण मापलं मी, मागे ती बसते ना. ५५ आलं. बरोबर आहे का?" मी विचारलं अंबाडा सोडून मापलंत का. फोन ठेवला नाही, तसाच बाजूला ठेवला, आत दोघांचं बोलणं ऐकू येत होतं, आई म्हणत होती अहो हळू ओढा. मग परत आले फोनवर. "५४.५. स्मॉल ना गं?"