राक्षस मारून गणित कसं येतं?

"बाई, शनिवारी शाळा सुटल्यावर मुलं म्हणे राक्षस मारतात. त्यात गणित कुठे आलं?" पालकसभेत हे कुणीतरी दर वर्षी विचारतंच. विचारणाऱ्याच्या आवाजात राग नसतो, काळजी असते. यंदाही तुम्ही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी खेळ काय आहे ते. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं: कुणी तिरंदाज, कुणी मांत्रिक, कुणी चोर. एक जण गोष्ट चालवतो. "समोर दरी आहे, पूल मोडलाय, काय करता?" मुलं आपसात भांडून काहीतरी ठरवतात, आणि ते जमलं की नाही हे फासा सांगतो. फासे मात्र आपल्या नेहमीच्या सहा बाजूंचेच नसतात. चार, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचेही असतात. माझ्या शनिवारच्या गटात आठवी-नववीची मुलं आहेत. नियम मी बरेच कापून मराठीत केलेत.

पहिल्या वर्षी मी सपशेल चुकले. गुहेच्या दारावर एक समीकरण लिहिलं आणि जाहीर केलं की सोडवाल तर दार उघडेल. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "बाई, हे दार नाहीये, सरावसंच आहे." बरोबरच होतं त्याचं. गणितात पुढे असलेल्या मुलाने ते सोडवलं, बाकीचे जांभया देत दार उघडायची वाट बघत राहिले. कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच. शैक्षणिक खेळ म्हणून बाजारात जे मिळतं, त्यातलं बरंचसं मला आजही या कारल्याच्याच जातीचं वाटतं.

गणित आलं ते मी न बोलावता. एका मुलीच्या तिरंदाजाला दरीवरून उडी मारायची होती. वीस बाजूंच्या फाशावर अकरा किंवा त्याहून जास्त पडलं तर पार, नाहीतर खाली. म्हणजे वीसपैकी दहा, निम्मी शक्यता. तिच्या मैत्रिणीने दोर धरला होता, म्हणून नियमाप्रमाणे तिला दोन फासे टाकून त्यातला मोठा आकडा घ्यायची सवलत मिळाली. ती उजळलीच. "पन्नास टक्के आणि पन्नास टक्के, शंभर! बाई, आता मी पडूच शकत नाही." सगळ्या टेबलाला ते पटलं. मीही काही बोलले नाही. दान पडलं सहा आणि नऊ.

तिरंदाज दरीत. टेबलावर दंगा. "फासे खोटे आहेत" इथपासून सुरुवात झाली आणि दहा मिनिटांनी गाडी "शंभर टक्के नव्हतेच का?" इथे आली. मग आम्ही आलेखाचा कागद काढला. आडवे वीस, उभे वीस, एकूण चारशे चौकोन. दोन्ही फासे दहा किंवा कमी पडले तरच तिरंदाज पडणार, तेवढे चौकोन रंगवायचे. दहा गुणिले दहा, शंभर. चारशेतले शंभर म्हणजे पाव भाग. पार होण्याची शक्यता पंचाहत्तर टक्के. संभाव्यतेचा धडा आपल्याकडे दहावीत येतो. या मुलीला तो आठवीत हवा झाला, कारण तिचा माणूस पडला होता.

खेळात चुकीची किंमत लगेच मोजावी लागते, आणि ती लाल शाईत नसते. मला यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं.

फासे म्हणजे जुगार, असं एक आजोबा म्हणाले होते. त्यांना मी नलोपाख्यान आठवून दिलं. वनपर्वात ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं किती ते सांगतो. नळाचा विश्वास बसत नाही, तो रथ थांबवून मोजतो, आणि हिशोब जुळतो. मग ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या देतो. फासे आणि मोजणी यांचं नातं आपल्याकडेही जुनंच. फासे टाकले म्हणून नव्हे, विद्या नसताना टाकले म्हणून नळ बुडाला. आजोबा हसले. पटलं की नाही ते सांगितलं नाही.

इतिहासाचं मात्र जपून. जून १६६५ चा पुरंदरचा तह आम्ही खेळलो. तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख द्यायचा, बारा किल्ले आणि एक लाखाचा मुलूख राखायचा. महाराजांचं पात्र कुणालाही द्यायचं नाही, हा माझा नियम. मुलं कारभारी झाली आणि नकाशा पसरून कुठले बारा ठेवायचे यावर दीड तास भांडली. घाट कुठला, पाणी कुठे, राजगड का सोडायचा नाही, हे सगळं त्यांच्याच तोंडून आलं. कोंढाण्यावर गाडं अडलं, तेव्हा एक जण शांतपणे म्हणाला, "देऊन टाका. १६७० मध्ये तानाजी आहेत ना." यावर काय बोलावं? पुढचं ठाऊक असलेला कारभारी काही उपयोगाचा नाही. शिवाय इतिहासात फासा वेगळा पडला की घडलेलं बदलतं, आणि परीक्षेत तो बदललेला तह कुणी लिहिला तर उत्तरपत्रिका मलाच तपासायची असते. म्हणून आता शेवटचा अर्धा तास खेळ बंद ठेवून 'खरं काय झालं' हे वाचतो. मुलांना तो कंटाळवाणा वाटतो. मला नाही.

भूमितीला हा खेळ बरा पडतो, व्याकरणाला अजिबात नाही. माझ्या वर्गात पन्नास मुलं आहेत आणि एका टेबलावर सहा मावतात, त्यामुळे तासाला हे चालणार नाही, शनिवारीच चालेल.

आणि ती तिरंदाज मुलगी. तिने नवं पात्र घेतलंय. परवा विचारत होती, दोर दोघींनी धरला तर तीन फासे मिळतील का? नियमात बसत नाही म्हटलं. "बसत नाही ते ठीक, पण मग आठातून सातदा पार होईन ना?" कागद तिने घरूनच रंगवून आणला होता.