नव्वद टक्के शून्यं, तरी वेग जिथल्या तिथे

रावेर भागातल्या एका केळी पॅकहाऊसमध्ये पट्ट्यावरून सरकणाऱ्या फण्यांवरचे डाग-ओरखडे ओळखणारं मॉडेल साध्या आय-फाइव्ह डेस्कटॉपवर चालवायचं होतं. ग्राफिक्स कार्ड नाही. मॉडेल छाटूनच आलेलं, म्हणजे ९० टक्के वेट्स (मॉडेलने शिकलेले, गुणायचे आकडे) शून्य केलेली. पण वेळ मूळ मॉडेलइतकाच. ‘भाऊ, एवढं उडवलं तर दहापट पळायला पाहिजे ना?’ पॅकहाऊसवाल्यांचा प्रश्न रास्त होता.

नेहमीचा मॅट्रिक्स-गुणाकार शून्यालाही गुणतोच. दर वेटला ‘शून्य आहे का?’ विचारलं, तर आणखी मंद होतो. प्रोसेसरमधली एव्हीएक्स-२ ही सोय एका सूचनेत आठ फ्लोट (दशांश आकडे) गुणते, ते आठाचं काम मग एकेक करून होतं.

आम्ही १×१ कन्व्होल्यूशनचे थर (दर पिक्सेलचे सगळे चॅनेल, म्हणजे त्या जागेचे निरनिराळे आकडे, वेट्सनी मिसळणारे) धरले, कारण मोबाइलनेटसारख्या हलक्या मॉडेलांच्या रचनेत बहुतेक गणित तिथेच असतं. ५१२×५१२ च्या थरात २,६२,१४४ वेट्स, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे १ एमबी. छाटून उरतात सुमारे २६,२१४. सीएसआरमध्ये (फक्त शून्य नसलेले आकडे आणि त्यांच्या जागा साठवायची पद्धत) किंमत ४ बाइट, कॉलम क्रमांक ४ बाइट, मिळून २०५ केबी. क्रमांक २ बाइटांत बसवला की १५४ केबी. (निम्मीच छाटणी असती तर ४ बाइटी क्रमांकांनी सगळी बचत खाल्ली असती.)

खरी मेख पिक्सेलांच्या मांडणीत आहे. चॅनेल शेवटी ठेवले, तर एका चॅनेलचे शेजारी पिक्सेल मेमरीत लांब-लांब पडतात. चॅनेल आधी घेतले की ते सलग येतात: एक शिल्लक वेट रजिस्टरच्या (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागेच्या) आठही खणांत पसरायचं, अशा चार रजिस्टरांत ३२ पिक्सेलांच्या बेरजा धरायच्या. क्रमांक एकदाच वाचला जातो.

१४×१४ म्हणजे १९६ पिक्सेल: ३२ च्या सहा फेऱ्या, उरले ४. या चारांना मास्क (फक्त हवे तेच खण लिहू देणारी चाळणी) लावला नाही, तर लिहिताना पुढच्या चॅनेलचे आकडे पुसले जातात. प्रोग्राम कोसळत नाही, फक्त फणी चुकीच्या पेटीत जाते. म्हणून प्रत्येक थराचं उत्तर डेन्स (शून्यांसकट केलेल्या नेहमीच्या गुणाकाराच्या) उत्तराशी ताडायलाच हवं.

दहापट वेग मिळाला नाहीच; डेप्थवाइज थर (दर चॅनेलवर वेगळे चालणारे) डेन्स ठेवले होते, शिवाय क्रमांक वाचायचा खर्च. पट्ट्याला पुरेल इतका मिळाला. मोजणी मात्र जपून करावी. खान्देशातल्या मे महिन्यात प्रोसेसर तापला की क्लॉक (त्याचा वेग) उतरतो, तेव्हा सकाळचं डेन्स आणि दुपारचं स्पार्स (शून्यं वगळून चालणारं) यांची तुलना नको. दोन्ही आलटून-पालटून चालवून मध्यक घ्यावा. आणि नव्या फोटोंवर मॉडेल पुन्हा शिकवताना छाटणीचा मास्क (कुठली वेट्स शून्यच ठेवायची याची नोंद) धरून ठेवावा, नाहीतर शून्यं पहिल्याच अपडेटला भरून जातात.