तुम्ही विचारलंत म्हणून: वेदीवर फुलं का नाहीत?

"नाताळात किती सजवता चर्च! मग आता असं ओकंबोकं का? कोणी वारलं का?" दरवर्षी फेब्रुवारी-मार्च आला की शेजारच्या काकू मला हे विचारतात. ऑफिसातल्या मैत्रिणीही विचारतात. वसईतल्या आमच्या चर्चची वेदी सजवायचं काम माझ्याकडे आहे, तेव्हा उत्तर मीच द्यायला हवं.

कोणी वारलेलं नाही. आमचा उपवासकाळ चालू आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, मधले रविवार सोडले तर ४० दिवस. येशूने रानात ४० दिवस उपवास केला, त्याची ही आठवण. पोटाला उपास असतो तसा डोळ्यांनाही, म्हणून वेदी मोकळी.

सुरुवात राखेपासून होते. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, घरी नेलेली नारळाची पाती वर्षभर क्रूसामागे खोचलेली असतात. आधीच्या आठवड्यात ती गोळा करते. हिरवी नेलेली पाती तांबूस, कडकडीत झालेली असतात, हातात धरली तरी चुरा पडतो. घमेल्यात घालून काडी लावली की क्षणात भडका आणि क्षणात संपलं. पोतंभर पात्यांची राख निघते वाटीभर. ती मलमलीतून चाळते. बोटांच्या रेषांतला काळा रंग दोन दिवस जात नाही. हीच राख बुधवारी फादर आमच्या कपाळावर लावतात.

मग जांभळा रंग. तो पश्चात्तापाचा, फादरांचा झगा जांभळा, वेदीजवळचं कापड जांभळं. एका कोपऱ्यात मी पसरट मातीच्या भांड्यात रेती आणि धोंडे मांडते, त्यात एक वाळकी फांदी. बोरीच्या काट्यांचा मुकुटही मीच वळते. जाडजूड हातमोजे घातले तरी एखादा काटा आत शिरतोच, आणि त्या दिवशी प्रार्थनेला वेगळे शब्द शोधावे लागत नाहीत.

मला सगळ्यात जड जातो तो मोगरा. आमच्या वाडीत तो नेमका याच दिवसांत भरात येतो. पहाटे कळ्या खुडायच्या, ओल्या फडक्यात बांधायच्या आणि दादरच्या फुलबाजाराला पाठवायच्या. घरभर वास, आणि चर्चमध्ये एक कळी न्यायची नाही. चौथ्या रविवारी तेवढी सूट असते: फादर गुलाबी झगा घालतात, वेदीवर फुलं चालतात. १९ मार्चला संत जोसेफचा सण, २५ मार्चला येशूच्या आईला, मरियेला, देवदूताने दिलेल्या निरोपाचा, तेव्हाही. चौथ्या रविवारी मी एकच परडी ठेवते. तीन आठवडे फूल न पाहिलेल्या डोळ्यांना ती पुरते.

युरोपात जुन्या काळी या दिवसांत वेदीसमोर भला मोठा पडदाच टांगत. जर्मन लोक त्याला 'भुकेचं कापड' म्हणतात. किती नेमका शब्द! जर्मनीतल्या त्सिटाऊ गावात १४७२ सालचा असा पडदा अजून जपलेला आहे, त्यावर बायबलमधली ९० चित्रं. मध्यंतरी मागे पडलेली ही रीत मिझेरिओर या जर्मन कॅथलिक मदतसंस्थेने १९७६ साली नव्याने आणली, तेव्हाचं कापड रंगवलं होतं पुण्यात जन्मलेल्या चित्रकार ज्योती साही यांनी. हे वाचलं तेव्हा मला फार अभिमान वाटला.

आमच्याकडे पडदा नाही, पण पाचव्या रविवारपासून आम्ही क्रूस आणि पुतळे जांभळ्या कापडाने झाकतो. लहान मुलं विचारतात, "मरियामाय कुठे गेली?" रोज समोर असलेला चेहरा झाकला की त्याची आठवण येते, हे मुलांना पटकन कळतं. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी रात्री मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, संपली की वेदीवरची चादर, मेणबत्त्या, सगळं काढून नेतो. खाली उघडा दगड उरतो. दरवर्षी चादरीची घडी घालताना माझा हात मंदावतो. आई गेली तेव्हा तिच्या खाटेवरची चादर मी अशीच काढली होती.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी पहाटेचा मोगरा मात्र दादरला जात नाही. कितीही भाव असो, सासरे त्या दिवशी एक कळी विकत नाहीत. दुपारी चार वाजता टोपल्या चर्चच्या मागच्या दाराशी येतात, फडकी अजून ओली असतात, आणि आम्ही बायका पदर खोचून बसतो.

काकू, या वर्षी त्या दुपारी तुम्हीही या. गजरे गुंफायला हात कमीच पडतात.